रेकीचं सेशन भेट मिळालंय. नेमकं काय होतं तिथे?

कोथरूडची_वृंदा
नमस्कार मंडळी. माझा डावा खांदा पाच महिने धरलाय. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, पाठीमागे हात नेऊन हूक लावणं तर बंदच. फिजिओ चालू आहे. वाढदिवसाला नणंदेने रेकीचं (हातांतून 'ऊर्जा' देऊन बरं करतात म्हणे, ती जपानी पद्धत) सेशन भेट दिलं, पैसेसुद्धा भरून टाकले. शनिवारी अकरा वाजता, सदाशिव पेठेत एका बाईंच्या घरी. नाही म्हटलं तर वर्षभर ऐकावं लागेल. तर शंका अशा: कपडे काढावे लागतात का? हात लावतात की नुसते वरून फिरवतात? आपला विश्वास नसला तर चालतं का? आणि उदबत्तीच्या वासाने माझं डोकं उठतं, ते आधी सांगितलं तर आगाऊपणा वाटेल का? "आमच्या गुरूंकडे या" असे प्रतिसाद कृपया नकोत.

नळस्टॉपवाली
वृंदाताई, मी २०१९ मध्ये प्रभात रोडच्या एका गल्लीत तीन सेशन्स घेतली होती, झोप उडाली होती म्हणून. कपडे पूर्ण अंगावर असतात. सैल पंजाबी ड्रेस घाला, साडी नको; पालथं झोपलं की निऱ्या टोचतात. घड्याळ, बांगड्या, चष्मा काढून ठेवायला सांगतात. आधी दहा मिनिटं चौकशी: काय होतंय, गोळ्या कुठल्या चालू आहेत वगैरे.

मग उताणं झोपायचं. माझ्या बाईंनी आधी डोळ्यांवर हात ठेवले, मग कानशिलं, मग डोक्याखाली तळवे. गळा आणि छातीशी हात टेकवले नाहीत, चार बोटं वरच धरले. पुढे पोट, गुडघे, तळपाय, शेवटी पाठ. एका जागी साधारण तीन मिनिटं. मागे संथ संगीत आणि मधूनमधून बारीकशी घंटा. घंटा वाजली की हात पुढच्या जागी. चोळणं नाही, दाबणं नाही. ताप बघायला कपाळावर हात ठेवतात ना, तेवढाच भार. तोही नको असेल तर आधी सांगा, सगळं वरूनच करतात.

मला हात गरम लागले. थोड्या वेळाने पोट गुरगुरायला लागलं (सकाळी मिसळ खाल्ली होती, त्यामुळे श्रेय कुणाचं ते ठरवता आलं नाही. तुम्ही हलकं काहीतरी खाऊन जा). खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते रिव्हर्सचं रडगाणं वाजत राहिलं, आणि तरी मी झोपले. घोरलेसुद्धा. काहींना मुंग्या येतात, काहींना रडू येतं, आणि काहींना काहीच होत नाही. काही झालं नाही म्हणून "ऊर्जा अडकलीय, अजून एकवीस सेशन्स लागतील" असं कुणी म्हणालं तर पर्स उचला.

त्या रात्री झोप छान लागली. चौथ्या दिवशी पहाटे तीनला डोळे पुन्हा टक्क उघडे. पण तासभर फोन बंद, कुणी चहा मागत नाही, आणि एक माणूस गप्प बसून फक्त आपल्याकडे लक्ष देतंय, हे मला तेव्हा फार हवं होतं. नंतर दुसऱ्या एका ठिकाणी मात्र माझी थायरॉइडची गोळी "हळूहळू सोडू या" म्हणाले. तिथे परत गेले नाही.

उदबत्तीचं फोनवरच सांगून टाका. आगाऊपणा कसला त्यात!

शंकासुर
विश्वास नसला तरी चालतं असं रेकीवालेच म्हणतात. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एमिली रोझा या शाळकरी मुलीचा प्रयोग छापून आला होता. रेकीचा नव्हे, 'थेरप्युटिक टच' नावाच्या अशाच हात फिरवण्याच्या उपचाराचा, पण दावा सख्ख्या बहिणीचा: दुसऱ्याची ऊर्जा हातांना जाणवते. २१ उपचारकांनी पडद्याआड हात ठेवले. एमिलीने आपला हात त्यांच्या डाव्या हातावर धरलाय की उजव्या, एवढंच ओळखायचं. २८० वेळांपैकी ४४ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर बरं जमलं असतं. पैसे भरलेच आहेत तर झोपून या.

लेव्हल_टू
शंकासुर, वाद घालत नाही. मी दुसऱ्या लेव्हलपर्यंत शिकलेय. परंपरा असं सांगते की मिकाओ उसुई यांना १९२२ मध्ये क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर उपास आणि ध्यान करताना ही पद्धत सापडली. त्यांचे शिष्य हयाशी नौदलात डॉक्टर होते, आणि हयाशींकडून शिकून हवायो ताकाता यांनी ती हवाईला नेली. म्हणजे "हजारो वर्षांची प्राचीन विद्या" असं कुणी सांगितलं तर तेही सोडून द्या, जेमतेम शंभर वर्षांची आहे. आणि वृंदाताई, रेकी देणाऱ्याने निदान करायचं नसतं, औषधाला हात लावायचा नसतो. आम्हाला पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं.

हाडवैरी
मी स्वतः फिजिओ आहे म्हणून विचारतो, शुगर तपासलीत का? मधुमेह असणाऱ्यांमध्ये खांदा धरण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. शिवाय हा खांदा बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपला आपणच सुटत जातो, त्यामुळे तेव्हा जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. व्यायाम सोडू नका. पालथं झोपवलं तर डावा हात डोक्याकडे ओढू देऊ नका.

कोथरूडची_वृंदा
आले जाऊन! उदबत्तीचं सांगितल्यावर बाईंनी खिडकीही उघडली, मग रिक्षांचे हॉर्न थेट उशाशी. पालथं जमेना तर कुशीवर वळवलं, डाव्या हाताखाली टॉवेलची गुंडाळी दिली. खांद्यावर हात ठेवला तेव्हा ऊब लागली आणि एकदम डोळ्यांत पाणीच आलं. आई बाम चोळून झाल्यावर तसाच हात ठेवून बसायची, ते आठवलं. घोरले नाही, विचारून घेतलं.

डबा अजून वरच्या फळीवरच आहे. उपाशीपोटीची शुगर १३१ आली, मंगळवारी डॉक्टरांकडे जातेय. हाडवैरी, तुमचे आभार.

नणंद रोज फोन करते, "वहिनी, हात वर गेला का?" रविवारी जेवायला येतेय. डबा तिलाच काढायला सांगणार आहे.