नवीन सिस्टरने पहिला वॉर्ड कोणता घ्यावा?

प्रेषक: एक सभासद, मस्कत

नमस्कार मंडळी,
माझी भाची डिचोलीची. बीएस्सी नर्सिंग झालं, नोंदणीही हातात आली. पणजीजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयू मिळतंय, दुसऱ्या एका ठिकाणी मेडिसिन वॉर्ड. आयसीयूचा पगार थोडा जास्त. घरचे म्हणतात आयसीयू घे, पुढे बाहेर जायला बरं. तिची स्वतःची ओढ लेबर रूमकडे. आपल्यात नर्सिंगमधल्या बऱ्याच ताई आहेत, म्हणून विचारते.

प्रेषक: एक सभासद, अबुधाबी

ताई, आयसीयूच घेऊ दे. इथल्या भरतीत आयसीयू, ओटी (ऑपरेशन थिएटर), डायलिसिसवाल्यांना मागणी असते. वॉर्डात राहिली तर मागे पडेल.

प्रेषक: निवृत्त सिस्टर, फोंडा

नमस्कार. दादांनी मागणीचं सांगितलं ते खरं आहे, पण आखातात भरती करणारे बहुधा दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि मुलाखतीत त्या अनुभवाची चाचपणी करतात. नुसतं सर्टिफिकेट तिथे पुरत नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न वेगळा आहे: सुरुवातीचे महिने तिच्यासोबत कोण असणार?

आयसीयूत एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक नर्स, असा भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष आहे. सिनियर सिस्टर शेजारी आणि एकच रुग्ण हाताखाली, असं मिळत असेल तर आयसीयू जरूर घ्यावं, नवीन मुलगीही तिथे छान तयार होते. पण दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला तीन व्हेंटिलेटर तिच्या एकटीच्या गळ्यात टाकणार असतील तर पगार कितीही असो, नको. अशा ठिकाणी मुली अलार्म बंद करायला शिकतात, तो का वाजला ते शिकत नाहीत.

मेडिसिन वॉर्डाला कमी समजू नका. गोव्यात पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यू, काजूच्या मोसमात सत्तरी तालुक्यातला माकडताप (२०१५ पासून तोही आपल्याकडे आहे), शिवाय बारा महिने शुगर आणि बीपी. एवढं सगळं एकाच वॉर्डात दिसतं. बिघडू लागलेला रुग्ण ओळखायची नजर तिथेच तयार होते. नवीन मुली टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता) श्वासाच्या रकान्यात सगळ्यांना २० लिहीत जातात, ते मला कधीच सहन झालं नाही. लेप्टोचा रुग्ण, डोळे पिवळे, बीपी ठीक, गप्पाही मारतोय. पण पूर्ण एक मिनिट छातीकडे बघून मोजलं तर श्वास २६! पुष्कळदा बीपी पडण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढलेला असतो. ब्रिटनच्या हॉस्पिटलांत न्यूज-२ नावाचा गुणांचा तक्ता वापरतात, त्यात श्वास २५ किंवा जास्त भरला की त्या एकाच नोंदीला ३ गुण पडतात आणि रुग्णाला तातडीने तपासावं लागतं. वीस-वीस लिहिणाऱ्या वॉर्डात हे कोणाच्याच लक्षात येणार नाही.

आता लेबर रूम. मनापासून ओढ असेल तर ‘आधी मेडिसिन करायलाच हवं’ असं मी म्हणणार नाही. फक्त पुढचा देश डोक्यात ठेवून ठरवा. ब्रिटनमध्ये नर्स आणि मिडवाइफ (बाळंतपण करणारी प्रशिक्षित सुईण) यांची नोंदणी वेगळी असते. नर्स म्हणून नोंदणी झालेली मुलगी, इथे कितीही बाळंतपणं केली असली तरी, तिथे मिडवाइफचं काम करू शकत नाही. आपल्याकडेही केंद्राने २०१८ मध्ये मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचं १८ महिन्यांचं प्रशिक्षण आहे. आवड टिकली तर ती वाट बघावी.

आणि मूळ सर्टिफिकेटं जमा करा म्हणाले तर देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत आणा. यात भीड धरायची नाही.

प्रेषक: भाची, डिचोली

मावशीच्या मेलवरून लिहितेय. सिस्टर, तुमचं वाचून दोन्हीकडे फोन केला. आयसीयूवाले म्हणाले, ‘आठवड्याभरात जमेल गं तुला.’ सोबत कोण असेल ते सांगेनात. मेडिसिनच्या इनचार्ज सिस्टरनी स्वतः फोन घेतला. पहिले तीन महिने एका सिनियरसोबत ड्युटी, रात्रपाळी त्यानंतर. वर्षाने लेबर रूममध्ये बदली देऊ म्हणाल्या. मेडिसिन घ्यावं असं वाटतंय, पण बदलीचं खरं मानू का?

प्रेषक: निवृत्त सिस्टर, फोंडा

बाये, घे मेडिसिन. ज्या इनचार्ज नवीन मुलीचा फोन स्वतः घेतात त्या शिकवतातही. बदलीचं मात्र तोंडी नको, ऑफर लेटरवर लिहून माग. वर्षानंतर इनचार्ज कोण असेल ते त्यांच्याही हातात नाही. लिहून देत नसतील तरी रुजू हो आणि म्हापसा, मडगावच्या जिल्हा रुग्णालयांच्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. मावशीकडून माझा नंबर घे. पहिली रात्रपाळी लागायच्या आधी फोन कर, ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा घेताना, काय काय विचारायचं ते सविस्तर सांगते.