तालमीच्या सभागृहाची वीट आणि रंग

तालमीच्या नव्या सभागृहासाठी एका दादांनी सुचवलंय की मिळेल ती स्वस्त वीट घ्यायची आणि बाहेरून लाल ऑइलपेंट मारायचा. मला नाही पटत. विटेची लाली मातीतल्या लोहाची, भट्टीत पक्की झालेली. ती डब्यातून कशाला आणायची? शिवाय ऑइलपेंटखाली ओल कोंडते आणि पोपडे सुटतात. आमच्या परड्यातली भिंत बघून जावा एकदा.

भट्टीवर जाऊन चार-पाच विटा स्वतः उचला. दोन एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत. बद्द आवाज म्हणजे भाजणी कच्ची. कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवा, परत तोला. साध्या विटेनं वजनाच्या २० टक्क्यांवर पाणी पिऊ नये, असं आयएस १०७७ हे विटांचं भारतीय मानक सांगतं.

जुनी तालीम पाडताय, तर चुन्यातल्या विटा फेकू नका. चुना सहज सुटतो, सिमेंट विटेचा टवका घेऊन येतं. त्या विटा आतल्या भिंतींना वापरा, वरून चुन्याची सफेदी. जोतं मात्र काळ्या दगडाचंच. पंचगंगेचं पाणी कुठवर येतं ते २०१९ च्या महापुरात बघितलंय सगळ्यांनी.