साखर छान येतेय आणि बाबा फिस्टुलाला नाही म्हणतायत

कृष्णाकाठ:
बाबा ६७ वर्षांचे, कराडला असतात. मधुमेह २२ वर्षांचा, बीपी त्याच्याच आगेमागे. परवाचे रिपोर्ट: क्रिएटिनिन ३.९, ईजीएफआर (किडनी किती काम करतेय त्याचा आकडा) १६, पोटॅशियम ५.७, हिमोग्लोबिन ९.१. डॉक्टर म्हणतात, पुढे डायलिसिस लागलं तर सुई घालायला म्हणून डाव्या हातात फिस्टुला करून ठेवा. बाबांचं म्हणणं, "हात कापला की डायलिसिस मागे लागलंच."

त्यात दोन महिने साखर ११०-१२० येतेय. आई खूश, पथ्य लागू पडलं म्हणून. आणि काल पहाटे ३ वाजता बाबा घामाने चिंब, काहीबाही बडबडायला लागले. साखर ५२! आईने घाईघाईत शहाळं फोडून दिलं.

साखर सुधारली म्हणजे किडनीही सुधारतेय का? आणि यांना तयार कसं करायचं? फ्रीजवर पथ्याचे दोन कागद आहेत. मधुमेहाचा म्हणतो पालक, कडधान्यं खा. किडनीचा म्हणतो जपून. दोन्ही वाचून आई भाकरी आणि दुधीवर आलीय.

घंटीवाला:
३१ वर्षं एसटीत तिकिटं फाडली, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर असतो. ४ तास पडून राहायचं, मोबाईल एका हाताने. त्यामुळे जरा लांबण लावतो.

साखरेचा आनंद आवरा. टोचलेलं इन्सुलिन निकालात काढायचं बरंचसं काम किडनी करते. ती थकली की इन्सुलिन अंगात रेंगाळतं आणि जुनाच डोस जास्त होतो. काही गोळ्यांचंही तसंच. ५२ म्हणजे आजच डॉक्टरांना फोन, पुढच्या तारखेची वाट बघू नका. हिमोग्लोबिन कमी असलं की तीन महिन्यांची सरासरी साखरसुद्धा (एचबीए१सी) फसवी येऊ शकते. पुन्हा उतरली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पण शुद्धीत नसतील तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना. शहाळं नकोच, त्यात पोटॅशियम फार, आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकणं जमत नाही.

फिस्टुलाला मीही आठ महिने अडून बसलो होतो. मग एका रात्री आडवं झालं की दम कोंडायला लागला, छातीत पाणी. मानेत नळी घालून डायलिसिस केलं. त्या नळीतून जंतुसंसर्ग, हुडहुडी, वर दहा दिवस ॲडमिट. फिस्टुला म्हणजे हाताची शीर धमनीला जोडतात. ती फुगून सुई घेण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. म्हणून आधी करायचा. बाबांना सांगा, हे नुसतं आरक्षण आहे, गाडी कधी सुटायची ते नंतर बघू. आणि आजपासून डाव्या हातात सुई नाही, सलाइन नाही. रक्त उजव्या पंजाच्या मागून काढायला सांगा.

माझ्या फिस्टुलावर कान ठेवला की घरघर ऐकू येते. नात रोज ऐकते आणि डबल बेल देते.

मेतकूट:
सासूबाईंचं सांगते. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकडायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. बटाटाही तसाच. पण दुधी-भाकरीवर ठेवू नका, आमच्याकडे तसं करून त्यांचं वजन ६ किलो उतरलं. किडनीच्या आहारतज्ज्ञांकडे दोन्ही कागद घेऊन जा आणि एकच करून घ्या.

हो, आणि मिठाचं पाकीट बघा. बीपीसाठी म्हणून आम्ही कमी सोडियमचं मीठ आणलं आणि पोटॅशियम ६.४ वर गेलं. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं: पोटॅशियम क्लोराइड. गुडघेदुखीच्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत. पुढे खर्चाचा प्रश्न आला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा.

कृष्णाकाठ:
फोन केला. रात्रीचं इन्सुलिन निम्म्यावर आणलं, परवा बोलावलंय. मीठ तेच निघालं, आईने डबा रिकामा केला. बाबांना आरक्षणाचं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "त्या कंडक्टरला विचार, खिडकीची जागा मिळते का."

घंटीवाला:
मिळते. आमच्याकडे २ नंबरचा बेड, बाहेर गुलमोहर. फक्त दुपारी ऊन येतं.