म्हैसूरची ती दिवा धरलेली बाई रविवर्माचीच ना?

जिन्याखालची_मनी: परवा म्हैसूरहून आलो. जगनमोहन पॅलेसमधे ते हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र बघितलं, उजेड तोंडावर अस्सा पडलाय की आमचे बाबा मागे बल्ब लावलाय का म्हणून वाकून बघायला लागले 😄 आई ठामपणे म्हणते राजा रविवर्मा, कारण माहेरी कॅलेंडर होतं. नेटवर मात्र हळदणकर नाव दिसतंय. खरं कोणाचं? आणि ऑइलच आहे ना?

तळकोकणी: हळदणकरांचंच!! सावळाराम लक्ष्मण हळदणकर, आमच्या सावंतवाडीचे, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधे शिकलेले. रविवर्मा गेले 1906 ला आणि हे चित्र 1945-46 च्या सुमाराचं, मग काय भूत होऊन काढलं? त्याच पॅलेसमधे रविवर्माची बरीच चित्रं आहेत ना, म्हणून हेही त्यांच्याच नावावर खपतं. आणि ऑइल नाही हो, वॉटरकलर.

जिन्याखालची_मनी: वॉटरकलर?? एवढा काळोख?

ओला_ब्रश: तीच तर गंमत आहे. वॉटरकलरमधे उजेड रंगवत नाहीत, कागद कोरा सोडतात, म्हणजे जिथे सगळ्यात लख्ख दिसतं तिथे रंग जवळपास नसतोच, फार तर एखादा पातळ पिवळा थर, आणि अंधार मात्र थरावर थर देत आणायचा आणि तो देताना ओली कड चेहऱ्यात घुसली की खेळ खल्लास, ऑइलसारखं वरून पांढरं थापून सावरता येत नाही. ज्योतीआड धरलेला हात बघ फोटोत, बोटं आतून लालसर पेटल्यासारखी, टॉर्चवर पंजा ठेवला की दिसतात ना तशी. मी चारदा कॉपी करायला बसलोय, चारही वेळा बोटांची गाजरं झाली.

पंचगंगा_घाट: ती बाई म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता, लग्नानंतर उपळेकर, आमच्या कोल्हापुरात असायच्या. 2018 ला गेल्या, वय 102. तेव्हा पेपरात बातमी वाचून कळलं, तोवर आम्हीपण रविवर्माच म्हणायचो 🙈

जिन्याखालची_मनी: आईला सगळं वाचून दाखवलं. आता म्हणते कॅलेंडरवर नाव नव्हतंच, आजोबा सांगायचे.