नातू फोनवर दोन मिनिटं पण बोलत नाही, काय करू?

सोलापूरची_आज्जी
नमस्कार. आम्ही दोघं सोलापुरात, मुलगा सून पुण्यात, नातू ८ वर्षांचा. लहानपणी दोन वर्षं माझ्याकडंच होता, माझा पदर धरून झोपायचा. आता व्हिडिओ कॉलवर जेवलास का, अभ्यास झाला का विचारलं की हो हो म्हणतो आणि फोन आईच्या हातात देऊन पळतो. दिवाळीत आले तर तो मोबाईल घेऊन आतल्या खोलीत, मी एकदा काढून घेतला तर रडला, सून काही बोलली नाही पण तिला आवडलं नाही हे कळलं मला. राग नाही ओ कुणावर, पण वाटतं आजी म्हणजे वर्षातून दोनदा पाया पडायची बाई एवढंच राहील काय? कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

बाळीवेसकर
ताई, जेवलास का आणि अभ्यास झाला का हे आधी बंद करा. मी पण चार वर्षं हेच विचारत होतो, त्याचं उत्तर एका शब्दात होतं, मग पोर पुढं काय बोलणार. आमची नात ठाण्याला असते. मागच्या गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या आपल्या सिद्धेश्वर जत्रेला आली तेव्हा सांगितलं की ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी गावात आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापन केलीत, आपण दोघांनीच सगळी बघायची. शंभर पानी वही घेतली, सकाळी सातला स्कूटरवर निघायचं, दोन-तीन लिंगं बघायची, तिनं नंबर घालून चित्र काढायचं. १९ झालीत आतापर्यंत. आता फोन तीच करते, आजोबा माझ्याशिवाय पुढचं बघितलं नाही ना म्हणून.

पुण्यातली_सून
मी सुनेच्या बाजूनं लिहिते काकू. मोबाईल हिसकावू नका, घरात काय नियम आहे ते सुनेला विचारा आणि तोच तुमच्याकडं चालवा. माझ्या सासूबाई मुलासमोर आमचा शब्द कधी खाली पाडत नाहीत, म्हणून मी सुट्टीत १५ दिवस बिनधास्त सोडते त्याला. त्या शेंगाचटणी अजून उखळात कुटतात. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, तेल सुटून गोळा व्हायला लागेपर्यंत. लेकाच्या हातात मुसळ दिलं तर पहिल्या दिवशी निम्मे दाणे फरशीवर, त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं उखळाभोवती धोतर पसरलं जुनं. वर्गातला एक मुलगा त्रास देतो हे त्यानं आम्हाला नाही, कुटता कुटता त्यांना सांगितलं. त्यांनी पण लगेच उपदेश नाही केला, मग तू काय केलास एवढंच विचारलं, आणि रात्री मला बाजूला घेऊन सांगितलं. त्याआधी महिनाभर ती गोष्ट आम्हाला कळली नव्हती.

ताताचा_नातू
मी २३ चा, सोलापुरातल्या अशोक चौकाकडचा. घरात तेलुगू बोलतो म्हणून आजोबांना ताता. ताता मागावर चादरी विणायचे. रात्री झोपताना चादर उलटी करून दाखवायचे, इकडं लाल फूल आणि मागं तेच फूल पांढरं, कसं होतं सांग बघू? उत्तर कधी दिलं नाही, रोज विचारायचे, मी रोज काहीतरी नवीन ठोकायचो आणि ते खरंच विचार करून म्हणायचे, नाही, अजून बघ. दहावीला गणितात राहिलो तेव्हा घरात सगळे ओरडत होते, ताता चल म्हणाले आणि कंबर तलावावर नेलं. तासभर बसलो, दाणे खाल्ले, एक शब्द नाही बोलले. दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला माझ्यासोबत शाळेत आले. गेले त्याला दोन वर्षं झाली, ती चादर मीच घेतो अजून.

सोलापूरची_आज्जी
सगळ्यांचे लई आभार. काल फोनवर काहीच विचारलं नाही. जिन्याखालच्या पोत्यावर मांजर व्यालीय ती दाखवली, मला कॅमेरा नीट धरता येईना तर तोच सांगत होता, आजी वर, आजी डावीकडं, अगं ते काळं पिल्लू दाखव. १२ मिनिटं झाली. काळ्याचं नाव तो आज ठरवून सांगणार आहे. मोबाईलचं सुनेला विचारलं, रोज अर्धा तास असतो म्हणाली, मी पण तेवढाच देईन म्हटलं. आणि ह्यांनी संक्रांतीसाठी त्याला पांढरी बाराबंदी, गड्ड्याला घालतात तो बंदांचा अंगरखा, शिवायचं काढलंय, माप रात्री पाठवते म्हणाली सून.