गच्चीवर पहिलंच बार्बेक्यू, कोळसा आणि चिकनबद्दल मदत हवी आहे

गोदाकाठ

मंडळी नमस्कार. मेव्हण्याने वास्तुशांतीला कोळशावरचा बार्बेक्यू दिलाय. पत्र्याचा आयताकृती डबा, बाजूला हवेची भोकं, वर जाळी आणि सोबत सळया, झाकण बिकण काही नाही. नाताळच्या सुट्टीत चुलत-मावस मिळून बारा-पंधरा जण येणारेत आणि घरात परस्पर जाहीर झालंय की जेवण गच्चीवर आणि ते मी करणार. माझा अनुभव म्हणजे लग्नात तंदूरच्या काउंटरसमोर प्लेट घेऊन उभं राहणे एवढाच. यूट्यूबवर बघितलं तर सगळे रणगाड्याएवढे गॅसचे ग्रिल घेऊन बसलेले, आपल्या या डब्याचं कुणी सांगतच नाही. तर कोळसा कोणता आणि किती आणू, पेटवायला थोडं रॉकेल टाकलं तर चालतं का, चिकन किती मिनिटं ठेवायचं (मागे मित्राकडे खाल्लेलं बाहेरून काळं कुट्ट आणि हाडाजवळ गुलाबी होतं), आणि पाच-सहा जण शुद्ध शाकाहारी आहेत त्यांचं काय करू? मसाल्याचं टेन्शन नाही, ते आई बघेल.

निखारेवाला

मसाल्याचं टेन्शन नाही म्हणालात ते बरं केलंत, कारण लोक सगळा जीव मॅरिनेशनमधे घालतात आणि विस्तवाकडे कुणी बघतच नाही. तुमच्या मित्राचं चिकन मसाल्यामुळे नाही बिघडलं, आचेमुळे बिघडलं.

कोळसा लाकडी घ्या, इस्त्रीवाले वापरतात तो. वखारीत मिळेल नाहीतर इस्त्रीवाल्यालाच विचारा कुठून आणतो ते. दगडी कोळसा अजिबात नको, त्याच्या धुरात गंधक असतं, त्यावर थेट अन्न भाजायचं नसतं. अडीच-तीन किलो आणा, उरला तर सडत नाही. अक्रोडाएवढे ते लिंबाएवढे तुकडे निवडा, चुरा बाजूला काढा कारण चुऱ्याने खालची हवा बंद होते आणि मग तुम्ही पुठ्ठ्याने वारा घालून घालून दमता.

रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीही नको. वास तर लागतोच, पण अर्धवट पेटलेल्या कोळशावर कुणीतरी हमखास "अजून थोडं टाक" म्हणतं आणि भडका थेट हातावर येतो. खायच्या तेलात बुडवलेला कागदाचा बोळा किंवा कापूस खाली ठेवा, वर कोळशाची उंच रास करा, पसरू नका, आणि पेटवून सोडून द्या. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आता महत्त्वाचं: ज्वाळा दिसताहेत तोवर जाळीवर काही ठेवायचं नाही. कोळशावर राखाडी साय धरली आणि आत लाल दिसायला लागलं की तयार. पाहुणे "झालं का झालं का" करतील, त्यांना तोवर शेंगदाणे द्या.

मग कोळसा सगळीकडे सारखा पसरू नका, हे कुणीच सांगत नाही. दोन तृतीयांश भागात निखारे, एक तृतीयांश भाग मोकळा. भरल्या बाजूला रंग आणायचा, मोकळ्या बाजूला आतून शिजू द्यायचं. मित्राकडे ही मोकळी बाजू नव्हती म्हणून ते तसं झालं. आच कळायला तळहात जाळीच्या चार-पाच इंच वर धरा, दोन-तीन सेकंदात मागे घ्यावा लागला तर जोरात आहे, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम.

जर्सीकर

वर सांगितलंय त्याला माझं अनुमोदन. इकडे न्यू जर्सीत मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत दर शनिवार-रविवारी कुणाच्या ना कुणाच्या बॅकयार्डात हेच चालू असतं. (अपार्टमेंटमधे बऱ्याच ठिकाणी बाल्कनीत ग्रिल ठेवायलाच परवानगी नसते, मग पार्कातले सार्वजनिक ग्रिल पकडायला सकाळी सकाळी कुणालातरी पिटाळतात.)

झाकणाबद्दल थोडं. इकडचा तो गोल किटलीसारखा ग्रिल 1952 साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने काढला. तो पत्र्याच्या कारखान्यात होता, तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनायचे, त्याचाच एक गोळा अर्धा कापून खाली वाडगं आणि वर झाकण केलं. मुद्दा हा की झाकण लावलं की उष्णता वरूनही लागते आणि हवेची भोकं कमीजास्त करून आच हातात राहते, भोक उघडं तर आच जास्त, बंद करत न्याल तशी कमी. तुमच्याकडे झाकण नाही तर मोकळ्या बाजूच्या तुकड्यांवर एखादं जुनं स्टीलचं पातेलं पालथं घाला, बऱ्यापैकी काम होतं. प्लास्टिकच्या मुठीचं नको.

मिनिटांचं म्हणाल तर घड्याळावर जाऊ नका, पण अंदाज हवाच असेल तर दीड इंची बोनलेस तुकडे मध्यम आचेवर उलटत पालटत बारा-पंधरा मिनिटं, तंगडीला चिरे देऊन अर्धा तास किंवा थोडा जास्त, त्यातला बराचसा वेळ मोकळ्या बाजूला. खात्री एकाच गोष्टीने होते, सुईवाला थर्मामीटर. सगळ्यात जाड जागी, हाडाला न टेकवता खुपसा आणि 74 डिग्री सेल्सिअस दिसलं की काढा. रस पांढरा दिसतोय म्हणून शिजलं असं समजू नका. आणि पहिल्याच वेळी ब्रेस्ट घेऊ नका, मांडीचं बोनलेस घ्या, दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी कोरडं पडत नाही.

चिंगीची_आई

शाकाहाऱ्यांचं मी सांगते, कारण दर वेळी त्यांच्या वाट्याला करपलेली सिमला मिरची आणि रबरासारखं पनीर येतं आणि वर ऐकायचं की "तुमच्यासाठी पण केलंय हं".

पहिली गोष्ट, त्यांचं आधी भाजा, स्वच्छ जाळीवर. सळया आणि चिमटा वेगळा ठेवा, दांड्याला दोरा बांधून. मटणा-चिकनानंतर त्याच जाळीवर पनीर ठेवलंत तर सासूबाई जेवणार नाहीत आणि बोलणारही नाहीत.

पनीरचे तुकडे मोठे करा, चांगले दीड इंच, आणि दही टांगून घ्या, पातळ दही निखाऱ्यावर गळून जातं आणि मसाला पण सोबत नेतं. चक्क्यात थोडं भाजलेलं बेसन घातलं की मसाला धरून राहतो. एकाच सळईवर कांदा, मश्रूम, पनीर, बटाटा सगळं ओवायचा मोह होतो फोटोसाठी, पण बटाटा कच्चा राहतो आणि पनीर संपतं. एका सळईवर एकच प्रकार. बटाटे आधी अर्धे उकडून. लाकडी काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा. मक्याची कणसं सोलून थेट जाळीवर, रताळी मात्र सालासकट निखाऱ्याच्या कडेला राखेत पुरून ठेवा, सगळ्यांचं जेवण होईस्तोवर होतात. एखादं भरताचं वांगं पण टाका, नाहीतरी विस्तव फुकट जातो.

अलिबागचा_पांढरा_कांदा

हे सगळं ठीक आहे पण डिसेंबर-जानेवारीत पोपटी सोडून पत्र्याच्या डब्यात चिकन कोण भाजतं राव. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मधे चिकन आणि अंडी, मडकं उलटं ठेवून वर पेंढा-लाकडं पेटवायची. तेल नाही पाणी नाही.

निखारेवाला

@पांढरा_कांदा पोपटीला आमचा नमस्कारच आहे, पण नाशकात सिमेंटच्या गच्चीवर पेंढा पेटवला तर आधी अग्निशमन दल येईल. आणि वालाच्या शेंगा रायगडातल्याच हव्यात हे तुम्हीच नंतर सांगाल.

गोदाकाठ

बाप रे, एवढं सगळं! मनापासून आभार. अजून दोन-तीन शंका. चिकन आदल्या रात्री लावून ठेवू का? भाजताना वरून बटर सोडतात ते कधी? आणि जाळ झाला तर पाणी मारायचं का? थंडी असेल तर शेवटी तो डबा खाली हॉलमधे आणून शेकत बसायचा बायकोचा प्लॅन आहे.

जर्सीकर

शेवटच्याला आधी उत्तर: नाही. विझत आलेल्या निखाऱ्यातूनसुद्धा कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसं झोपेतच जातात. बंद गॅलरीत, गॅरेजमधे, तंबूतही नाही. डबा गच्चीवरच राहू दे, तुम्ही स्वेटर घाला.

दही-मसाला आदल्या रात्री लावून फ्रीजमधे ठेवा, पण लिंबू किंवा व्हिनेगर जास्त असेल तर दोन-तीन तास पुरे, नाहीतर मांस वरून पिठूळ होतं. मध, साखर, केचप असलं काही लावणार असाल तर अगदी शेवटच्या पाच मिनिटांत, साखर फार पटकन जळते. आणि ज्या भांड्यात कच्चं चिकन होतं त्यात शिजलेलं परत ठेवू नका, त्यातला उरलेला मसालाही वरून फासू नका. गडबडीत हेच होतं, म्हणून रिकामं ताट आधीच बाजूला काढून ठेवा.

निखारेवाला

बटर निखाऱ्यावर गळलं की जाळ होणारच, म्हणून ते काढायच्या जरा आधी, मोकळ्या बाजूला ठेवून, ब्रशने. तरी जाळ झालाच तर पाणी नको, राख उडून सगळी चिकनवर बसते आणि पेटलेली चरबी अजून उडते. तुकडे चिमट्याने मोकळ्या बाजूला सरकवा, आपोआप बसतो. जाळी घासायला तारेचा ब्रश वापरलात तर नंतर ओल्या फडक्याने पुसा, तुटलेली तार अन्नात जाते. अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर घासलात तरी बरंच निघतं.

हां, आणि डबा थेट फरशीवर ठेवू नका, खाली चार विटा लावा, नाहीतर टाइल तडकते. वॉटरप्रूफिंगचा डांबरी थर असेल तर त्याच्या आसपासही नको. वाळूची एक बादली शेजारी ठेवा. राख रात्रभर तशीच राहू दे, सकाळी थंड वाटली तरी वरून पाणी ओता, एकदा ढवळा, आणि मगच कचऱ्यात. प्लास्टिकच्या डस्टबिनमधे आदल्या रात्री तर मुळीच नाही.

चिंगीची_आई

आणि खालच्या मजल्यावर किंवा शेजारी कुणाचे कपडे वाळत असतील तर त्यांना दुपारीच सांगून ठेवा हो.