स्टेडियमखालची जमीन दूषित असेल तर कितपत घाबरायचं?

मालवणकर_सिडनी

मंडळी, एक शंका आहे, कोणी या फिल्डमधलं असेल तर सांगा. आम्ही गेल्या वर्षी सिडनीत वेंटवर्थ पॉइंटला फ्लॅट घेतला, लेक शेजारच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये ॲथलेटिक्सला जाते. सध्या सासरे आलेत मालवणहून, पाणी दिसलं की हात शिवशिवतात त्यांचे. होमबुश बेच्या (तिथली खाडी) कडेने फिरताना मासेमारी बंदीचा बोर्ड बघितला आणि मला म्हणतात "एवढ्या पाण्यातलो मासो खावचो नाय म्हणजे?" मग मी गुगल करत बसलो आणि झोपच उडाली, डायॉक्सिन (एक जहाल विषारी रसायन) काय, एजंट ऑरेंज (व्हिएतनाम युद्धात फवारलेलं तणनाशक) काय, कत्तलखाना, कचऱ्याचे डोंगर, आणि त्यावर २००० चं ऑलिम्पिक! पोरगी तिथे गवतावर लोळत स्ट्रेचिंग करते हो. बायको म्हणते क्लब बदल. खरंच एवढं सिरीयस आहे की मी उगाच पॅनिक होतोय?

मुरूम_आणि_माती

पॅनिक नका होऊ, पण सासऱ्यांना मात्र तिथे गळ टाकू देऊ नका 😀 मी याच धंद्यात आहे (दूषित जमिनींचं कन्सल्टिंग), त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्यात. डायॉक्सिनचा मुख्य प्रॉब्लेम खाडीच्या गाळात आहे. खाडीपलीकडे समोर ऱ्होड्सला जिथे आता टॉवर उभे आहेत तिथे युनियन कार्बाइडचा कारखाना होता, हो, तीच भोपाळवाली, तिची इथली कंपनी. डीडीटी आणि तणनाशकं बनायची, त्यातल्या एका तणनाशकात डायॉक्सिन आपोआप तयार होतं, आणि कारखान्याच्या कचऱ्याने चक्क खाडीत भराव टाकला. ते गाळातून किड्यात, किड्यातून माशात. म्हणून २००६ पासून सिडनी हार्बरमध्ये कमर्शियल मासेमारी बंद आणि हार्बर ब्रिजच्या पश्चिमेचा मासा अजिबात खाऊ नका असा सरकारी सल्ला आहे.

आता ऑलिम्पिक पार्कची जमीन. तिथे सरकारी कत्तलखाना, वीटभट्ट्या, नौदलाचा दारूगोळा डेपो, आणि साठ-सत्तरच्या दशकात वाट्टेल तसा टाकलेला कचरा. ७६० हेक्टरपैकी साधारण १६० हेक्टरवर मिळून ९० लाख घनमीटर घाण होती. एवढं उचलून नेणार कुठे? म्हणून बहुतेक सगळं तिथेच गोळा करून ढीग केले, वर चिकणमातीचा जाड थर, त्यावर चांगली माती आणि गवत, आणि खालून झिरपणारं काळं पाणी (लिचेट) पाइपाने गोळा करून ट्रीटमेंटला. फक्त सगळ्यात जहाल असा सुमारे ४०० टन माल वेगळा काढून जागेवरच निकामी केला. तुम्ही सूर्यास्त बघायला ज्या गोल गोल टेकड्यांवर चढता ना, क्रोनॉस हिल वगैरे, त्या हेच ढीग आहेत.

विष खाली असणं हा अर्धाच भाग, ते माणसापर्यंत पोचायला वाट लागते. धूळ, हात-तोंड, वाफ, पाणी. थर शाबूत आहे तोवर तुमच्या लेकीसाठी ती वाट बंद आहे.

चहा_कमी_साखर

म्हणजे गालिच्याखाली कचरा ढकलला आणि वर सोन्याची मेडलं वाटली, बरोबर ना? 🙄 आमच्या मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डम्पिंगवर काचेची ऑफिसं बांधली, सगळे खूश, आणि मग कॉम्प्युटर नि एसी पटापट मरायला लागले. जमिनीतून येणाऱ्या गॅसने तांबं आणि चांदी काळी पडून सर्किटं जात होती. मी तिथे नोकरीला होतो, आमच्या मजल्यावर सर्व्हर रूमच्या दाराच्या फटी टेप लावून बंद केल्या होत्या आणि एसीवाला दर महिन्याला तीच कॉइल बदलायचा. मशीन मरतं तिथे माणसाच्या फुफ्फुसाचं काय होत असेल हे कुणी विचारलं नाही. त्यामुळे "थर शाबूत आहे तोवर" यातल्या "तोवर" वर माझा विश्वास नाही.

मुरूम_आणि_माती

@चहा_कमी_साखर मुद्दा एकदम बरोबर, आणि गॅसमुळेच स्टेडियमची गोष्ट साध्या मैदानापेक्षा अवघड होते. उघड्या गवतावर मिथेन निघाला तर हवेत उडून जातो, पण स्टँडखाली चेंजिंग रूम, स्टोअर, केबलची भुयारं असतात तिथे तो साठतो, आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरे. म्हणून फ्लोअरखाली गॅस अडवणारा पडदा, व्हेंट, सेन्सर सगळं लागतं.

दुसरं पायलिंग. एवढं वजन भुसभुशीत भरावावर बसत नाही, खांब खाली घट्ट थरापर्यंत न्यावे लागतात, आणि नीट डिझाइन नसेल तर तेच खांब वरची घाण खालच्या भूजलात उतरायला वाट करून देतात. पर्थचं नवं स्टेडियम (२०१८) असंच, जुन्या लँडफिलवर (कचऱ्याच्या भरावावर) आणि त्याखाली नदीचा मऊ गाळ.

पण मला विचाराल तर खरी भीती बांधतानाची नाहीच. बांधताना पैसा असतो, ऑडिटर असतो, पेपरवाले असतात. भीती वीस-तीस वर्षांनंतरची. जुन्या कचऱ्यावरच्या एका छोट्या क्लब ग्राउंडवर मला बोलावलं होतं, नाव नको. फ्लडलाइटचा नवीन खांब उभारायला आलेल्या पोरांनी ऑगरने (खड्डा पाडायच्या ड्रिलने) सरळ थर फोडला, वर आलेल्या काळ्या मातीत कौलाचे तुकडे, ॲस्बेस्टॉसचे. आणि ती माती त्यांनी क्रिकेटच्या नेट्सच्या बाजूला पसरून पण टाकली होती. खाली काय आहे याचा रिपोर्ट कमिटीच्या कपाटात होता, खांबवाल्याला कोणी दाखवलाच नाही.

टेम्सकाठची_रेवती

लंडनला २०१२ च्या ऑलिम्पिकच्या वेळी मी स्ट्रॅटफर्डजवळच (जिथे ऑलिम्पिक पार्क झालं) राहायचे. तिथे झाकण्यापेक्षा धुण्यावर भर होता, मातीचं अक्षरशः हॉस्पिटल म्हणायचे त्याला, अंदाजे २० लाख टन माती साफ केली, डांबर, तेल, सायनाइड, आर्सेनिक, शिसं असं सगळं होतं. बरीचशी माती धुवून तिथेच परत वापरली. तरी वर स्वच्छ मातीचा थर आणि खाली खूण म्हणून वेगळा थर टाकलाच, म्हणजे पुढे कोणी खणलं तर कळावं इथून खाली जायचं नाही. पॅरिसचं स्टाद द फ्रान्स पण जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर आहे. शहराजवळ एवढी मोठी रिकामी जागा दुसरी मिळतच नाही आणि घरं बांधण्यापेक्षा खेळाला रिस्क कमी धरतात, कारण तिथे कोणी चोवीस तास राहत नाही.

मालवणकर_सिडनी

धन्यवाद सगळ्यांना, बायकोला वाचायला दिलंय. पण रेवतीताई, तुमच्या शेवटच्या वाक्याने नवीनच किडा डोक्यात सोडलात, आम्ही तर तिथेच चोवीस तास राहतो ना! फ्लॅटचं काय?

मुरूम_आणि_माती

फ्लॅट घेताना वकिलाने प्लॅनिंग सर्टिफिकेट (१०.७ वालं) दिलं असेल, कॉन्ट्रॅक्टला जोडलेलं असतं, कोणी वाचत नाही. त्यात दूषित जमिनीचा उल्लेख आहे का बघा. शिवाय राज्याच्या ईपीएचं (पर्यावरण खात्याचं) दूषित जमिनींचं रजिस्टर ऑनलाइन फुकट बघता येतं, सबर्ब टाकून शोधा. साइट ऑडिट स्टेटमेंट (जागा वापरायला योग्य आहे का याचा ऑडिटरचा दाखला) सापडलं तर त्यात शेवटी अटी असतात, "खणायचं नाही", "भूजल वापरायचं नाही", "मॅनेजमेंट प्लॅन पाळायचा" अशा, त्या आधी वाचा. आणि असा प्लॅन असेल तर स्ट्राटाच्या (बिल्डिंगच्या सोसायटीच्या) पुढच्या मीटिंगला विचारा की तो नक्की कोणाकडे आहे, आणि बाग किंवा पार्किंगचं काम काढलं तर कॉन्ट्रॅक्टरला देतात का. अडलं तर इथे टाका, बघून सांगतो.